लाईन जाऊन आली की टीव्ही म्हणते नेट नाही, मोबाईल म्हणते आहे: आमच्या घरचा दोन-अडीच महिन्यांचा रोग

ज्यांनी केबल काढून घरी फायबर अन् स्मार्ट टीव्ही लावला, अन् ज्यांच्या गावात लाईन, म्हणजे वीज, जाते (म्हणजे सगळ्यांच्याच), त्यांच्यासाठी लिहून राहिलो. रोग असा आहे. लाईन दोन-तीन तास जाते, मंग येते, राउटर सुरू होते, मोबाईलवर वायफायनं सगळं मस्त चालते, पण टीव्हीवर कोणतंही ॲप उघडा, गोल गोल फिरते अन् मंग 'इंटरनेट कनेक्शन तपासा'. वायफाय पाहाल तर कनेक्टेड. पासवर्ड बरोबर. सिग्नल फुल. अन् नेट नाही.

ज्याला घाई आहे त्यानं एवढंच करा, टीव्हीच्या सेटिंगमधी जाऊन आजची तारीख काय दाखवून राहिला ते पाहा. तारीख जुनीपुराणी असन तर नेटचा दोष नाही, घड्याळाचा आहे. तारीख बरोबर असन तर तुमचा रोग दुसरा, त्याच्याबद्दल खाली शेवटी शेवटी लिहिलं आहे.

आता सविस्तर, कारण हे एवढंसं समजायला मला दोन-अडीच महिने लागले अन् त्यात एक टीव्ही रिसेट, एक मिनी यूपीएस अन् आईची रोजची बोलणी एवढा खर्च झाला.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. घरी मी, बायको, दोन पोरं, आई. केबल आमच्याकडं पहिल्यापासून होती, आधी तर नुसती वायर टीव्हीच्या मागं खुपसली की झालं, मंग सेट टॉप बॉक्स आला, खेड्यापाड्यासाठी ३१ मार्च २०१७ ची मुदत होती त्याची. मंग १ फेब्रुवारी २०१९ पासून नवीन दर आले, १०० चॅनेलचे १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ च्या वर, अन् त्यावर मराठी सिरियलवाले पे चॅनेल वेगळे घ्या. होता होता आमचं बिल ३४० वर गेलं. तेवढ्यात गावात फायबर आलं, ३९९ चा प्लॅन, जीएसटी धरून ४७१, ३० एमबीपीएस. मी हिशोब केला की पोरांचे मोबाईलचे रिचार्ज कमी होतील, टीव्ही बी त्याच्यावरच चालन, केबल कायले पायजे. दिवाळीत ३२ इंची टीव्ही घेतला, जुना डब्बा परत केला. आईला ॲपवर सिरियल लावून दिली, पहिले आठ दिवस ती एवढी खुश की बाजूच्या काकूंना बोलावून दाखवे, कारण प्रीमियममधी काही सिरियलचा उद्याचा भाग आजच पाहायला भेटते अन् त्यामुळं पूर्ण गल्लीत उद्या काय होणार हे फक्त आईला माहीत. तिचा भाव वाढला होता.

अन् मंग हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस सुरू झाले, मोटारी लागल्या, डीपीवर लोड आला अन् लाईन जायला लागली.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं असन काही. राउटर बंद करून चालू केला, जमलं नाही. टीव्ही बंद करून चालू केला (रिमोटनं, हे लक्षात ठेवा), नाही. रात्री झोपलो, सकाळी उठून पाहतो तर सुरू. म्हटलं कंपनीकडूनच बंद असन. चार दिवसांनी पुन्हा. आई म्हणे, "बाबू, तुया नेटाचं कायी खरं नाई, चांगलं केबल होतं तं काढून टाकलं." मी फायबरवाल्या पोराला फोन केला. तो आला तासाभरानं, मोबाईलवर स्पीड दाखवला, २९ एमबीपीएस, "भाऊ नेट तर चालू आहे, टीव्हीतच असन काहीतरी." मी टीव्हीवाल्याच्या हेल्पलाईनला फोन केला, तिथली पोरगी म्हणे सर तुमच्या इंटरनेटचा प्रॉब्लेम आहे, इंटरनेटवाल्यांना विचारा. झालं. नेटवाला टीव्हीकडं बोट दाखवते, टीव्हीवाला नेटकडं, अन् मधी आपण रिमोट घेऊन उभे.

मंग मी हुशारी केली. टीव्हीला मोबाईलचं हॉटस्पॉट दिलं. अन् चाललं बाप्पा! पाच सेकंदात सिरियल सुरू. मंग पुन्हा वायफायवर घेतलं, तर ते पण चाललं. मी छाती ठोकून सांगितलं की दोष फायबरचाच होता, आता त्यांनी तिकडून सुधारलं. हा पुरावा मला सगळ्यात जास्त महाग पडला, कारण पुरावा खरा होता अन् अर्थ मी उलटा लावला. तो पुढं सांगतो.

यानंतरचा मूर्खपणा म्हणजे फॅक्टरी रिसेट. व्हिडिओत एकजण म्हणे रिसेट मारा, सगळं साफ होते. साफ झालं खरं, सगळ्या ॲपचे लॉगिन पण साफ. आता ॲपचे नंबर कोणाचे, तर माझ्या लहान भावाचे, तो चाकणला कंपनीत, सेकंड शिफ्ट, मोबाईल गेटवर जमा. ओटीपी त्याच्या मोबाईलवर जाऊन राहिले अन् इकडं आई सोफ्यावर बसून. रात्री साडेबाराला त्याची शिफ्ट सुटली तेव्हा त्यानं ओटीपी सांगितला अन् आई तोपर्यंत झोपली होती. रिसेट मारायच्या आधी कोणता नंबर कशाला लावला आहे ते एका कागदावर लिहा, नाहीतर मारूच नका. या रोगाला रिसेटचा काहीही उपयोग नाही.

त्यानंतर मला वाटलं राउटरलाच झटका बसत असन लाईन येता जाता, म्हणून मिनी यूपीएस घेतला. चांगली वस्तू आहे, पुस्तकाएवढा डब्बा असते, आत लिथियमचे सेल, राउटरच्या अडॅप्टरच्या मधी बसवायचा, १३५० ला पडला. घेताना अडॅप्टरच्या मागं छापलेलं पाहून घ्या, आमचा १२ व्होल्ट १ अँपियरचा होता, कोणाचा दीडचा असते, दोनचा असते, यूपीएस त्याच्यापेक्षा कमी अँपियरचा नको अन् व्होल्ट तर तोच पायजे. लावला. लाईन गेली तरी राउटर सुरू, मी खुश.

अन् रोग वाढला. आधी तीनदा लाईन गेली की एकदा व्हायचं, आता दर वेळेस व्हायला लागलं. राउटर एक मिनिट बंद पडत नाही अन् तरी टीव्हीवर नेट नाही. इथं मात्र माझं डोकं बंद पडलं. बायको म्हणे परत केबलवाल्याला फोन करा, अन् गंमत म्हणजे आमचा केबलवाला अन् फायबरवाला एकच आहे.

पत्ता लागला तो भाच्यामुळं. बहिणीचा पोरगा अमरावतीला पॉलिटेक्निकला आहे, तो संक्रांतीला आला होता. नेमकी तेव्हाच लाईन जाऊन आली. मी त्याला सगळं रामायण सांगून राहिलो अन् त्यानं ऐकता ऐकता रिमोट घेतला, सेटिंगमधी गेला, अन् म्हणे, "मामाजी, तुमचा टीव्ही २०१९ मधी आहे."

स्क्रीनवर लिहून होतं, १ जानेवारी २०१९, दुपारचे १२ वाजून ४१ मिनिटं. बाहेर अंधार पडलेला. ती तारीख मी कमीत कमी दहा वेळा पाहिली असन, कोपऱ्यात घड्याळ दिसतेच, पण मला वाटायचं टाइम लावला नाही कोणी, भिंतीवरचं घड्याळ बंद पडते तसं. त्याचा नेटशी काही संबंध असन असं डोक्यातच आलं नाही.

संबंध असा आहे. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला की त्याच्यावर लिहून असते, अमुक तारखेला दिला, ३१ मार्च तमुकपर्यंत वैध. आता समजा दाखला पाहणारा जो बाबू आहे त्याच्या टेबलावरचं कॅलेंडर २०१९ वर अडकून आहे. तुम्ही यावर्षीचा खरा दाखला दिला तर तो म्हणन हा तर अजून निघालाच नाही, खोटा आहे, चला बाहेर. टीव्ही तेच करते. प्रत्येक ॲपचा सर्व्हर टीव्हीला एक डिजिटल सर्टिफिकेट दाखवते, त्याच्यावर कधीपासून कधीपर्यंत हे छापून असते, अन् टीव्ही स्वतःच्या घड्याळाशी ते ताडून पाहते. घड्याळ २०१९ मधी, सर्टिफिकेट यावर्षीचं, म्हणजे खोटं, म्हणजे कनेक्शन बंद. अन् हे खरं कारण स्क्रीनवर न लिहिता ॲपवाले लिहितात 'इंटरनेट तपासा', तिथंच आपली दिशाभूल होते. वर हे सर्टिफिकेट पहिल्यासारखे लांब मुदतीचे नसतात, १ सप्टेंबर २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे केले, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांची मर्यादा, अन् २०२९ मधी ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे, म्हणजे घड्याळ दोन-चार महिने मागं असलं तरी पुढं चालणार नाही.

मोबाईलला काहून होत नाही? त्याच्यात बॅटरी आहे, घड्याळ थांबतच नाही, वरून टॉवरकडून बी टाइम भेटते. कॉम्प्युटरमधी नाण्याएवढा सेल असते, लाईन गेली तरी घड्याळ चालू ठेवायला. टीव्हीत बहुतेक तो देतच नाहीत. रिमोटनं बंद केला तर टीव्ही झोपेत असते, घड्याळ चालू असते, पण लाईन गेली किंवा बोर्डावरून बटन बंद केलं की तो सगळं विसरते अन् फॅक्टरीत भरलेल्या तारखेवर जाते. आमचा २०१९ वर जाते. तुमच्याकडं १ जानेवारी १९७० दिसलं तर घाबरू नका, कॉम्प्युटरवाले सेकंद मोजायला तिथून सुरुवात करतात.

पण मंग दर वेळेस लाईन गेल्यावर काहून होत नव्हतं? इथंच मजा आहे. टीव्ही सुरू झाला, वायफायला जोडला गेला की तो नेटवरून टाइम विचारते. उत्तर भेटलं की तारीख बरोबर, कोणाला पत्ता बी लागत नाही. उत्तर नाही भेटलं तर मिनिटा-मिनिटानं दोन-चार वेळा विचारते, अन् मंग थकून बसते, पुन्हा लवकर विचारत नाही, कधी दुसऱ्या दिवशीच. आता लाईन अर्धा तास गेली असन तर तिकडं फायबरवाल्याचं जे मशीन आहे ते बॅटरीवर जिवंत असते, लाईन आली की दीड-दोन मिनिटांत आमचा राउटर त्याला जोडल्या जाते, टीव्हीला टाइम भेटते. लाईन दोन-तीन तास गेली की तिकडची बॅटरी बी बसते. मंग लाईन आल्यावर त्यांचं मशीन उठायला पाच-सात मिनिटं लागतात, कधी दहा. तोपर्यंत आमच्या घरचं वायफाय मात्र सुरू, टीव्ही त्याला जोडलेला, विचारून विचारून थकलेला. नंतर नेट येते, मोबाईलवर सगळं चालते, अन् टीव्ही २०१९ मधीच.

आता यूपीएसनं रोग काहून वाढवला ते पाहा. आधी राउटरलाच उठायला दोन मिनिटं लागायची, तेवढा वेळ टीव्हीला विचारायला कोणी नव्हतं, म्हणून त्याचे विचारण्याचे प्रयत्न उशिरा सुरू व्हायचे, कधीकधी नेटशी गाठ पडून जायची. यूपीएस लावल्यावर वायफाय आधीच तयार, टीव्ही उठला की पहिल्या मिनिटापासून विचारायला लागला अन् नेट यायच्या आधीच हात टेकले. अन् हॉटस्पॉटवर काहून चाललं? नवीन नेटवर्क भेटलं म्हणून टीव्हीनं पुन्हा नव्यानं टाइम विचारला, मोबाईलच्या नेटवरून उत्तर आलं, तारीख सुधरली. मंग वायफायवर परत आणला तरी तारीख बरोबरच होती, म्हणून चालला. फायबर तेव्हा बी ठीक होतं. मी त्या फायबरवाल्या पोराला फोनवर काय काय बोललो ते आठवून आता लाज वाटते, त्याला संक्रांतीचा तिळगूळ नेऊन दिला.

तर इलाज. सगळ्यात सोपा अन् फुकटचा इलाज म्हणजे नेट खरंच आलं हे पाहून मंग टीव्ही लावणं. राउटरवर लाईट असतात, त्यात एक पीओएन नावाचा, तो लुकलुक न करता हिरवा स्थिर पायजे, अन् एलओएस नावाचा लाल लाईट बंद पायजे. हे झालं की टीव्हीचं बटन बोर्डावरून दाबा. म्हणजे टीव्ही अन् राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर एका बटनावर नको, आमचे होते, मी वेगळे केले. लाईन गेली की टीव्हीचं बटन बंद करून ठेवायचं, ती आली की आपोआप सुरू होऊन विचारत बसायला नको.

विसरलात अन् टीव्ही आधीच थकून बसला असन तर टीव्हीच्या सेटिंगमधी वायफाय एकदा बंद करून चालू करा, किंवा बोर्डावरून बंद करून अर्ध्या मिनिटानं लावा. रिमोटनं नाही, रिमोटनं केलं तर तो फक्त झोपते अन् उठते. तरीही नाही झालं तर तारीख हातानं टाका. अँड्रॉइड टीव्ही असन तर सेटिंग्जमधी डिव्हाइस प्रेफरन्सेस, त्यात डेट अँड टाइम, नवीन गूगल टीव्हीवर ते सिस्टमच्या आत असते. तिथं ऑटोमॅटिक बंद करा, आजची तारीख अन् वेळ भरा, ॲप उघडून पाहा, चालते. मंग पुन्हा ऑटोमॅटिक चालू करा, नाहीतर पुढच्या वेळेस स्वतःहून कधीच सुधरणार नाही, हे मी एकदा विसरलो अन् आठ दिवसांनी परत तेच. मिनिट इकडंतिकडं झालं तर चालते, वर्ष अन् महिना मात्र बरोबर पायजे. दुसऱ्या कंपन्यांच्या टीव्हीत ते जनरल नाहीतर सिस्टम मॅनेजरच्या आत टाइम किंवा क्लॉक नावानं भेटते.

मिनी यूपीएस मी काढला नाही. लाईन पाच मिनिटं जाऊन येते तेव्हा त्याचा फायदा आहेच, पोरीचा ऑनलाइन क्लास तुटत नाही. फक्त या रोगावर तो औषध नाही हे समजून घ्या.

पावसाळ्यात एक गोष्ट. वीज कडाडली की आई बोर्डावरची सगळी बटनं बंद करते अन् टीव्हीची पिन पण काढते, अन् ते बरोबर आहे, तिला अडवू नका. फायबरच्या काचेतून वीज येत नाही पण लाईनच्या वायरमधून येते, मागच्या वर्षी आमच्या गल्लीत दोघांचे टीव्ही त्याच्यातच गेले. पण पिन काढली म्हणजे घड्याळ गेलं, म्हणजे पाऊस उघडल्यावर पुन्हा तोच क्रम, आधी राउटर, हिरवा लाईट, मंग टीव्ही. आईला तारीख-सर्टिफिकेट काही सांगत बसलो नाही. तिला म्हटलं हिरवा दिवा पाहिल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही. ती आता तेच करते अन् माझ्यापेक्षा चांगलं करते, मी घाईत असतो.

आता ज्यांची तारीख बरोबर आहे अन् तरीही चालत नाही, त्यांचं थोडक्यात.

एलओएस लाल असन तर टीव्हीला हात लावू नका, फायबर तुटलं आहे किंवा तिकडचं मशीन बंद आहे. शेजाऱ्याचं विचारा, त्याचं चालू असन तर तुमचीच वायर. आमच्याकडं दोन कारणं असतात, एक म्हणजे कापसाची भरलेली गाडी, वरपर्यंत गाठोडे रचलेले, ती रस्त्यावरून जाताना लोंबलेली वायर ओढून नेते, अन् दुसरं वानर. वानर वायरवर झोके घेतात, केबलच्या जाड वायरला काही व्हायचं नाही, फायबर आत काच आहे, ते मोडते. वायर थोडी उंच अन् ताणून बांधून घ्या. राउटरच्या मागची बारीक पिवळी किंवा पांढरी वायर पलंगाच्या पायाखाली दाबल्या गेली, खिळ्याला गुंडाळली तरी उजेड आतच गळते अन् नेट तुटत राहते. तिच्या टोकाचा हिरवा प्लग काढून फुंकर मारणं, बोटानं पुसणं, डोळ्यासमोर धरून पाहणं, हे तिन्ही करू नका. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही.

नेट चालू, पण संध्याकाळी सात ते नऊ अडकत अडकत चालते, तर बहुतेक वायफायचं आहे. आमच्या घरी राउटर समोरच्या खोलीत लोखंडी कपाटावर होता अन् टीव्ही मधल्या खोलीत, मधी टिनाचं पार्टिशन. टिनातून वायफाय जातच नाही म्हणा. टीव्हीवर फास्ट डॉट कॉम (नेटचा वेग मोजायची साइट) उघडून पाहिलं तर ३० पैकी दोन-अडीच पोचत होते, अन् ७२० पिक्सेलला नेटफ्लिक्सवालेच ३ एमबीपीएस मागतात, १०८० ला ५. मी सरळ १५ मीटर लॅन केबल आणली, टीव्हीच्या मागं लावली, त्या दिवसापासून अडकणं बंद. कोणी सांगतात राउटरमधी ५ गिगाहर्ट्झ चालू करा, ते वेगवान आहे पण भिंतीतून कमी जाते, एकाच खोलीत टीव्ही अन् राउटर असन तरच. वायर लावता येत असन तर वायरच लावा.

जुन्या टीव्हीला ॲप चालवायची स्टिक लावली असन अन् ती मधीच स्वतःहून रिस्टार्ट होत असन तर पाहा तिला करंट टीव्हीच्या यूएसबीतून दिला आहे का. जुन्या टीव्हीची यूएसबी अर्धा अँपियरच देते, स्टिकला एक लागते. बॉक्समधला अडॅप्टर भिंतीवर लावा.

अन् बाजारातून स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स आणला असन, अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचा, तर तारीख बरोबर असूनही बऱ्याच साइट नाही म्हणतात, कारण दाखल्यावर (म्हणजे त्या सर्टिफिकेटवर) सही करणारा साहेब नवीन आहे अन् त्या बॉक्सला त्याची सही ओळखीची नाही. त्याला इलाज नाही, बॉक्सच बदला.

केबल काढलेल्या सगळ्यांना माझं एक सांगणं, घरी फ्री डिशची छत्री असू द्या. दूरदर्शनची आहे, डिसेंबर २००४ पासून चालू, महिन्याला पैसे लागत नाहीत, फक्त छत्री अन् बॉक्सचा खर्च, अन् नेटशी काही घेणंदेणं नाही. फायबर तुटलं की दोन दोन दिवस पोरगा येत नाही, तेव्हा आई सह्याद्री लावते अन् घर शांत राहते. छत्री जुनी पडून असन तर जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्वेला लावून घ्या, बसवणाऱ्याला एवढं सांगितलं की समजते.

एक रोग मात्र मला बरा करता आला नाही. क्रिकेटची मॅच. ॲपवर लाईव्ह म्हणतात पण ते व्हिडिओचे तुकडे करून पाठवतात, टीव्ही काही तुकडे आधी जमा करते अन् मंग दाखवते, म्हणून आपण छत्रीवाल्यांच्या मागंच असतो, आमच्याकडं मोजलं तर वीस-पंचवीस सेकंद. बॉलर अजून पळून राहिला असते अन् बाजूच्या घरातून पोरगं ओरडते, "गेलाऽऽऽ!" लॅन केबल लावली, क्वालिटी कमी केली, फरक दोन-तीन सेकंदांचा. शेवटी मागच्या मॅचला त्या पोराला आमच्याच घरी बोलावून बसवला.